मेट्रिक आटे: आधी ओळखा, मग लेथवर पाडा

जुन्या यंत्राच्या बोल्टचे आटे मेले, की हाताला लागेल तो बोल्ट पान्याने कोंबला जातो आणि धडधाकट नटही वाया जातो. हे टाळायचे तर लेथ सुरू करण्याआधी नमुना नीट मोजा.

व्हर्निअरने बाहेरचा व्यास घ्या, पण त्यावरून निकाल लावू नका. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिमीचा असतो, म्हणजे दिसायला थेट एम ८ (८ मिमी व्यासाचा मेट्रिक बोल्ट). खरी ओळख पिचवरून, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतरावरून पटते. एका आट्याच्या माथ्याला शून्य म्हणा आणि तिथून दहाव्या माथ्यापर्यंत मोजा. एम ८ वर हे अंतर १२.५ मिमी भरेल, ५/१६ व्हिटवर्थवर (जुना ब्रिटिश इंची आटा) १४.१. मग पिच गेजची (वेगवेगळ्या पिचचे दाते असलेल्या पात्यांचा संच) पाती बसवून उजेडासमोर धरा. मेट्रिक आट्याचा कोन ६०°, व्हिटवर्थचा ५५°. पातीच्या बाजूने उजेड झिरपला तर पाती चुकली. एम १२ चा नेहमीचा पिच १.७५, पण १.५ आणि १.२५ चे बारीक आटेही असतात, तेव्हा तेही तपासा.

आता एम १२ × १.७५ पाडू. माइल्ड स्टीलचा जॉब ११.८५ ते ११.९ मिमीपर्यंत टर्न करा, तोंडाची कड तिरकी कापून चॅम्फर मारा, आटे जिथे संपणार तिथे ९.७ मिमी व्यासापर्यंत अंडरकट (टूल थांबायला खाच) घ्या आणि मोकळ्या टोकाला टेलस्टॉकचा सेंटर (आधाराचे टोक) द्या. ६०° चा टूल, टोकाला ०.२५ मिमी गोलाई, बरोबर सेंटरच्या उंचीवर. सेंटर गेज (६०° खाचेची पट्टी) जॉबला टेकवून टूल सरळ करा. इथे घाई केली तर आटे एका बाजूला कलतात.

लीड स्क्रू (टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला ४ आट्यांचा असेल तर चेंज गिअर ३५ आणि १२७ दात्यांचे लावा: स्पिंडलकडे ३५, लीड स्क्रूवर १२७, मध्ये दोघांना जोडणारा आयडलर. एक इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७. म्हणून हा गिअर लागतोच. अशा लेथवर एकदा लावलेला हाफ नट (टूलचा कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा नट) काम संपेपर्यंत उघडायचा नाही. उघडलात तर टूल पुन्हा त्याच खाचेत येणार नाही. मशीन उलटे फिरवूनच टूल मागे आणा.

कंपाउंड स्लाइड (टूलखालची फिरवता येणारी स्लाइड) क्रॉस स्लाइडच्या (जॉबकडे आडवी सरकणारी) रेषेपासून उजवीकडे २९° फिरवा. वेग सर्वांत कमी ठेवा. पहिला कट नुसता ओरखडा. लगेच दहा आटे मोजा, १७.५ मिमी यायला हवेत. नाही आले तर गिअर तपासा, जॉब अजून वाचलेला आहे. जमले की कटिंग ऑइल लावा. प्रत्येक कटनंतर आधी क्रॉस स्लाइडने टूल बाहेर काढा, मग मशीन उलटे फिरवा, क्रॉस स्लाइड पुन्हा शून्यावर आणा आणि पुढचा कट कंपाउंडने द्या. सुरुवातीला ०.२ मिमी, शेवटी ०.०५. आट्याची खोली पिचच्या ०.६१३ पट, म्हणजे १.०७ मिमी, कंपाउंडच्या डायलवर ती साधारण १.२३ दिसते. बुरा हाताने ओढू नका, हातमोजे घालू नका.

डायल १.१५ च्या पुढे गेला की मशीन बंद करून टेलस्टॉक मागे घ्या, बुरा ब्रशने साफ करा आणि चांगला नट लावून पाहा. नट बोटांनी शेवटपर्यंत गेला आणि हलवल्यावर खडखडला नाही, की हाफ नट उघडा.