चोमोनच्या युक्तीने जमिनीवर मानवी मनोरा कसा रचावा

स्पेनमधील तेरुएल गावचा सेगुंदो दे चोमोन (१८७१–१९२९) याने पॅरिसच्या पाथे या चित्रपट कंपनीसाठी केलेले पडद्यावरचे चमत्कार जॉर्ज मेलिएस या युक्तीपटांच्या फ्रेंच जादूगाराच्या तोडीचे होते, तरी नाव मात्र मेलिएसचेच राहिले. चोमोनच्या १९०७ मधील ‘किरिकी’ या लघुपटात जपानी वेशातील कसरतपटू असे काही थर लावतात की मुरलेल्या गोविंदानेही तोंडात बोट घालावे, आणि त्यांचा भार पेलतो तो एक लहानगा मुलगा. वास्तविक सगळे जण काळ्या जमिनीवर आडवे होते आणि कॅमेरा वरून खाली रोखलेला होता. हीच युक्ती मोबाइलवर सहज साधते.

गॅलरीच्या किंवा जिन्याच्या कठड्यावरून मोबाइल दहा-बारा फूट उंचीवर बाहेर काढून भिंग नेमके खाली रोखावे, कारण ते थोडे जरी तिरके राहिले तरी एका टोकाची माणसे लहान दिसून बिंग फुटते. खाली माणसे असणार, म्हणून मोबाइलला दोरीही बांधावी.

जमिनीवर चमक नसलेले काळे कापड ताणून अंथरावे, म्हणजे सावल्या त्यात लपतात. कपडे मात्र फिकट रंगाचे असावेत. चौकटीच्या खालच्या कडेला फळी ठेवावी आणि सर्वांत खालच्या थराचे तळवे तिला टेकवावेत. केस घट्ट बांधावेत, ओढण्या टाचून घ्याव्यात. आडव्या माणसाचे मोकळे केस पसरतात आणि सगळे उघड करतात.

खरी कसोटी अभिनयाची आहे आणि बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. आडव्या माणसाला भार जाणवत नाही, त्यामुळे वरचा गडी खांद्यावर ‘उतरला’ की खालच्याने गुडघे वाकवून कंबर फळीकडे किंचित सरकवावी, क्षणभर थांबावे आणि मग कष्टाने सरळ व्हावे. सरपटण्यासाठी टाचांचा रेटा घ्यावा. कोपर टेकलेले दिसता कामा नये.

सुरुवातीला तेच कापड भिंतीवर लावून सर्वांना उभ्याने नमस्कार करायला लावावा आणि मान खाली जाताच दृश्य तोडून वरून घेतलेले चित्रण जोडावे. सरकण्याची संथ गती झाकायला चित्रणाचा वेग थोडा वाढवावा. दीडपटीच्या पुढे मात्र जाऊ नये, नाहीतर माणसांना वजनच उरत नाही.