भाड्याचं घर मुदतीआधी सोडताना

नाशिकला अंबडच्या कंपनीतून चाकणला बदली झाली, घरी कुणाचं आजारपण निघालं, की पाथर्डी फाट्यावरचं किंवा इंदिरानगरमधलं भाड्याचं घर अकरा महिने भरायच्या आतच सोडावं लागतं. अशा वेळी घरमालकाला फोन लावण्याआधी करार काढा आणि लॉक-इन (किमान किती महिने घर सोडायचं नाही ती अट) व नोटीस ही दोन कलमं नीट वाचा. एजंट तोंडी काय म्हणाला होता, ते आता धरू नका.

समजा भाडं १२,००० आहे, डिपॉझिट ४०,०००, लॉक-इन सहा महिन्यांचं आणि तुम्ही चौथ्या महिन्याअखेर निघताय. करारात तसं लिहिलेलं असेल तर उरलेल्या दोन महिन्यांचे २४,००० मालक मागणार. म्हणजे हातात १६,०००च येतील असं धरून नव्या घराची जुळवाजुळव करा. लॉक-इन उलटलं असेल तर सहसा महिन्याची नोटीस पुरते. मात्र ‘करार मोडलात, आता सगळं डिपॉझिट गेलं’ असं कुणी म्हणालं तर मुकाट्याने मान डोलवू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच हवी. करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. आठवड्याभरात दुसरा भाडेकरू राहायला आला, तर मालकाचं नुकसान नेमकं किती झालं हे जरूर विचारा. म्हणूनच ओळखीतलं एखादं कुटुंब आधीच शोधून ठेवणं फार उपयोगी पडतं. त्यांचा करार मालकाशी नव्याने नोंदवला जाऊ द्या, तुमच्या करारावर त्यांना परस्पर चावी देऊ नका.

करार नोंदवलेलाच नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

नोटीस लेखी द्या: व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलवर आणि स्पीड पोस्टनेही. ‘शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा’ असं आपणच ठरवून भाडं थांबवू नका. मालकाने लेखी होकार दिला तरच तसं करा.

निघायच्या दिवशी घाई करू नका. टेम्पो भरला की रिकाम्या खोल्यांचा, सिंकखालच्या पाइपचा, बाथरूमच्या नळांचा व्हिडिओ मालकासमोरच काढा. महावितरणच्या मीटरचं रीडिंग फोटोत तारखेसह हवं, कारण शेवटचं बिल नंतर येतं आणि वाद तिथेच होतो. खिळ्याची भोकं, उन्हाने उडालेला रंग ही वापरातली झीज. फुटलेलं बेसिन मात्र तुम्हीच भरून द्या. सोसायटीचा मेंटेनन्स आणि गॅसचा हिशेब मिटवा. चावी देताना ताबा पावतीवर दोघांच्या सह्या घ्या, त्यात किती रक्कम कशापोटी कापली आणि बाकी कधी मिळणार हे लिहून घ्या. डिपॉझिट बँक खात्यातच मागा.