उकडलेलं अंडं सोलताना लचके तुटतात? या चुका टाळा

मंडईजवळ टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींकडून मागे एकदा डझनभर गावरान अंडी आणली. "आजचीच आहेत, ताई," त्या म्हणाल्या आणि मी खूश. रविवारचा रस्सा, पाहुणे यायचे होते. अंडी उकडली, सोलायला बसले आणि एकेका अंड्याला देवीचे व्रण. टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघत होते, एक-दोन अंड्यांचा तर बलकच उघडा पडला. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "पाण्यात मीठ घातलं नव्हतंस का?" घातलं होतं. चांगलं चमचाभर.

मिठाला उगाच श्रेय मिळतं. अंडं तडकलं तर बाहेर येणारा पांढरा भाग मिठाच्या पाण्यात लवकर थिजतो आणि पातेल्यात फेसाचे धागे पसरत नाहीत, एवढंच त्याचं काम. सोलण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. माझं घोडं अडलं होतं ते "आजचीच" या शब्दावर.

ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणा मोजायचं माप, साधारण ७.६ ते ८ असतो. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. टरफलाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात, त्यांतून तो दिवसागणिक बाहेर पडतो आणि पीएच ९ च्या वर जातो. पीएच कमी असताना उकडलं की पांढरा भाग टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. वाढल्यावर ती पकड सैल होते. म्हणून उकडायला आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली अंडी घ्या. ताजी अंडी आम्लेटला, हाफ फ्रायला ठेवा, तिथे त्यांचा घट्ट पांढरा भाग शोभून दिसतो.

अंडं किती जुनं, हे कळायला पाण्याचं भांडं पुरे. तळाशी आडवं पडलं तर ताजं. बूड टेकून उभं राहिलं तर उकडायला उत्तम. वर तरंगलं तर सरळ कचऱ्यात.

दुसरी चूक जवळजवळ सगळ्या घरांत होते आणि माझ्या आईनेही मला तसंच शिकवलं होतं: गार पाण्यात अंडी टाकायची आणि मग गॅस पेटवायचा. पाणी हळूहळू तापतं, पांढरा भागही हळूहळू थिजतो आणि तेवढ्या वेळात पापुद्र्याला बिलगून बसतो. उलट करा. पाणी खळखळ उकळू द्या, मग आच थोडी कमी करून अंडी एकेक करून झाऱ्याने अलगद सोडा. अचानक उष्णता बसली की पांढरा भाग झटकन आकसतो आणि पापुद्र्यापासून सुटतो. तडकण्याची भीती वाटत असेल तर अंडी फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवा. वाफेवरही हेच साधतं. इडलीपात्र किंवा मोदकपात्र चालेल, फक्त मोदकपात्र वापरलंत तर आजेसासूबाईंना सांगू नका. मायक्रोवेव्हमध्ये मात्र अख्खं अंडं कधीच नको, फुटतं आणि अंगावर उडतं.

वेळ: अंडी सोडल्यापासून ११ ते १२ मिनिटं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईच्या बहिणीने सांगितलेल्या वेळेत एखादं मिनिट वाढवावं लागतं ते त्यामुळेच. पण वीस मिनिटं ठेवू नका. बलकाभोवती जी हिरवट-करडी कडा येते, ती जास्त उकडल्याची खूण. पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती बनते. खाल्ल्याने काही होत नाही, पण दिसायला वाईट.

मग गार करणं. नळाखाली धरून झालं असं समजू नका. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते अंड्याला काय गार करणार! मोठ्या पातेल्यात बर्फ आणि पाणी घ्या, अंडी त्यात दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. पाणी कोमट झालं तर बदला.

सोलताना टोकदार बाजूने सुरुवात करू नका. जाड बाजूला हवेची पोकळी असते, तिथे ओट्यावर हलकेच ठोका, मग अंडं तळव्याखाली फिरवून टरफलाला सगळीकडे भेगा पाडा. त्या पोकळीत नख घाला आणि टरफल नव्हे, पापुद्रा पकडा. तो धरला की टरफल पट्टीसारखं निघतं. पाण्यात बुडवून सोललं तर आणखी सोपं, पाणी खाली शिरून मदत करतं.

एवढं करूनही चिकटलंच? भेगा पाडून पुन्हा गार पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग चहाचा चमचा पाठीच्या बाजूने आत सरकवा. तरी हट्ट सोडला नाही तर कुस्करून खिमा करा, कांदा-टोमॅटोत परता. पाहुण्यांना सांगायचं, मुद्दामच केलाय.

परवा मावशींकडे गेले तेव्हा तोंडातून निघून गेलं, "आठवड्यापूर्वीची नाहीत का?" त्यांनी टोपलीवरचं फडकं परत झाकलं आणि म्हणाल्या, "ताई, असला धंदा नाही करत मी."