दोन्ही नोड स्वतःला ऑनलाइन, समोरच्याला ऑफलाइन दाखवत होते

डेबियन लिनक्सवर दोन नोडांचा (सर्व्हरांचा) क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट. कोरोसिंक नोडांमधला संपर्क सांभाळतो, पेसमेकर त्यांच्यावरच्या सेवा. पिंग व्यवस्थित, पण प्रत्येक नोडला दुसरा ऑफलाइन दिसायचा. फायरवॉलमध्ये यूडीपी ५४०५ उघडला, ऑथकी (दोन्ही नोडांवर सारखी लागणारी गुप्त किल्ली) पुन्हा कॉपी केली, काही फरक नाही. दोन रात्री यातच गेल्या.

मग कोरोसिंकची स्थिती दाखवणारं 'कोरोसिंक-सीएफजीटूल -एस' (corosync-cfgtool -s) चालवलं. पत्ता दिसला १२७.०.१.१! डेबियनचा इन्स्टॉलर होस्ट्स फाइलमध्ये (कोणत्या नावाचा पत्ता कोणता, याची यादी) मशीनचं स्वतःचं नाव याच पत्त्यासमोर लिहितो. माझ्या कोरोसिंकच्या कॉन्फिगमध्ये रिंगच्या (नोडांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या) पत्त्याजागी नाव होतं, त्यामुळे कोरोसिंक लूपबॅकवरच, म्हणजे मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावरच, बसला होता.

सेवा थोडा वेळ बंद राहील, ते आधी कळवून ठेवा. दोन्ही नोडांवर आधी पेसमेकर थांबवा, मग कोरोसिंक. होस्ट्समधून १२७.०.१.१ ची ओळ काढून दोन्ही नावं खऱ्या आयपीसमोर लिहा. कोरोसिंकच्या कॉन्फिगमधल्या नोडलिस्टमध्ये (नोडांच्या यादीत) रिंग०_अ‍ॅड्रला (ring0_addr) थेट आयपी द्या. तिथलं 'नेम' (name) मात्र त्या मशीनवर 'यूनेम -एन' (uname -n) जे नाव दाखवतं तेच, अक्षरन् अक्षर. माझ्याकडे एकीकडे पूर्ण डोमेनसह नाव होतं, तेही सुधारलं. नोडआयडी (प्रत्येक नोडचा क्रमांक) वेगवेगळे हवेत, कोरोसिंकची कॉन्फिग फाइल दोन्हीकडे एकसारखी. आता आधी कोरोसिंक सुरू करा, नंतर पेसमेकर.

दोन्ही नोड लगेच ऑनलाइन आले. जुनं डोमेनवालं नाव यादीत ऑफलाइन राहिलं होतं, ते 'सीआरएम_नोड -आर' (crm_node -R) ने काढलं.