मुलांबरोबर कुकीज: पीठ आदल्या रात्री, साचे दुसऱ्या दिवशी

मुलांना हाताशी घेऊन कुकीज करायच्या असतील तर आधी एक ठरवून टाका. पीठ एका दिवशी, कापणं-भाजणं-रंगवणं दुसऱ्या दिवशी. पाककृतीत सहज लिहिलेलं असतं, 'पीठ दोन तास फ्रीजमध्ये ठेवा.' हातात साचा घेऊन ओट्याशी उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोराला ते दोन तास सांगून बघा. दर पाच मिनिटांनी फ्रीजचं दार उघडतं, 'झालं का, झालं का' सुरू होतं आणि शेवटी आपणच वैतागून पीठ अर्धवट गार असताना बाहेर काढतो. पुढचं सगळं चिकटाचिकटीचं काम. त्यात पोरांचा दोष नाही, वेळापत्रकाचा आहे.

सुट्टीत माझ्याकडे तिघं असतात. बहिणीची दोन, वयं दहा आणि सात, आणि माझा चार वर्षांचा. तेव्हा हे सगळं तीन वेगवेगळ्या वयांचे हात एकाच ओट्यावर असतील असं धरून लिहिते आहे. तुमच्याकडे एकच मूल असेल तर तुम्ही सुखी आहात.

पीठ

लागतं ते असं: २२५ ग्रॅम बटर, २०० ग्रॅम बारीक साखर, एक अंडं, दोन छोटे चमचे व्हॅनिला इसेन्स, ३८० ग्रॅम मैदा, पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. बटर खारं असेल तर मीठ वगळा. एवढ्यात साच्याच्या आकारानुसार तीस-चाळीस कुकीज होतात. अंडं नको असेल तर त्याऐवजी दोन मोठे चमचे गार दूध घाला. पीठ तरीही भुरभुरीत वाटलं तर आणखी एक चमचा, त्याहून जास्त नाही.

मैदा वजनकाट्यावर मोजा. कप पिशवीत खुपसून भरला की मैदा दाबला जातो आणि एका कपामागे वीस-तीस ग्रॅम सहज जास्त येतो. कुकीज कोरड्या आणि तडकलेल्या निघण्याचं नेहमीचं कारण तेच. शिवाय काटा हे मोठ्या मुलांचं हक्काचं काम आहे. भांडं ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा, ३८० दिसेपर्यंत चमच्याने मैदा टाकत राहायचं. माझी दहा वर्षांची भाची ३८१ झाले तर तो एक ग्रॅम चिमटीने काढते. काढू द्या.

बटर वितळलेलं नको आणि दगडासारखंही नको. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट आरपार जाऊ नये. बटर आणि साखर मिनिट-दोन मिनिटंच फेटा, एकजीव झाली की थांबा. केकसाठी आपण हलकं-पांढरं होईस्तोवर फेटतो, इथे तसं करायचं नाही. आत जितकी हवा भराल तितकी कुकी भाजताना फुगते आणि पसरते, आणि ताऱ्याचं फूल होतं. बेकिंग पावडर इतकी कमी ठेवली आहे तीही त्यासाठीच. अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं. कवचाचा तुकडा वाटीतून काढणं सोपं, बटरमधून काढणं म्हणजे शिक्षा. सात वर्षांच्याला हे काम जमतं आणि मानाचंही वाटतं. मग इसेन्स, मग मीठ आणि बेकिंग पावडर मिसळलेला मैदा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. जास्त मळलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, आणि कुकी खुसखुशीत होण्याऐवजी चिवट होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळा करून फ्रीजमध्ये ठेवू नका. मऊ असतानाच पिठाचे दोन भाग करा, एकेक भाग दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून लाटा आणि त्या चपट्या लाट्या कागदासकट ताटावर ठेवून फ्रीजमध्ये सरकवा. गार गोळा लाटायला मोठ्या माणसाचा जोर लागतो, तोही कडेने भेगा पाडत. मऊ पीठ कागदामध्ये चार वर्षांचं मूलही लाटतं आणि वरून मैदा भुरभुरावा लागत नाही. जाडी पाच मिलिमीटर. दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवलं की कुठे पातळ कुठे जाड हा प्रश्नच राहत नाही. ही लाटी तास-दीड तासात कडक होते, पण आपण ती रात्रभर ठेवणार आहोत. झाकून ठेवलेली दोन-तीन दिवसही चांगली राहते.

पीठ चाटण्याबद्दल. मी चाटू देत नाही आणि त्यावरून माझ्याकडे दरवेळी रुसवाफुगवा होतो. कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेलाचं बहुतेकांना माहीत असतं. मैदाही कच्चाच असतो हे लक्षात येत नाही. तो दळलेला असतो, शिजवलेला नसतो, आणि शेतातले जंतू त्यात राहू शकतात. २०१६ साली अमेरिकेत कच्च्या मैद्यामुळे ई. कोलायची साथ आली होती. म्हणजे अंडं न घातलेलं पीठही चाटायचं नाही. घरी मैदा भाजून घेतला की जंतू मेलेच, अशी खात्री देता येत नाही. तेव्हा तह म्हणून मी प्रत्येकाला एक चमचा आयसिंग कबूल करते.

कापणं

दुसऱ्या दिवशी मुलं येण्याआधी ओटा मोकळा करा, ट्रेवर बटर पेपर घाला आणि ओव्हन लावा. आतमध्ये खरोखर १८० अंश यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, दिवा विझला म्हणजे तापलं असं धरू नका. पंख्यावाला ओव्हन किंवा कन्व्हेक्शन असेल तर १६० पुरे. ओव्हनपासून दोन पावलांवर मी जमिनीला रंगीत चिकटपट्टी लावते. पट्टीच्या पलीकडे फक्त मोठी माणसं. तोंडाने शंभरदा 'लांब हो' म्हणण्यापेक्षा ती पट्टी जास्त कामाची. 'तू रेषेवर उभा आहेस' हे मुलंच एकमेकांना सांगतात.

एका वेळी एकच लाटी बाहेर काढा, दुसरी फ्रीजमध्येच राहू द्या. वरचा कागद सोलून परत हलकाच ठेवा, लाटी उलटी करा आणि आता वर आलेला कागद सोलून टाका. दोन्ही बाजू सुटल्या की कापलेले आकार चिकटून बसत नाहीत.

साचे निवडताना डोळ्यांना भुलू नका. लांब शिंगं, बारीक शेपटी, काडीसारखे पाय, असं काही असेल तर ते टोक आधी जळतं नाहीतर उचलताना तुटतं, आणि मग रडारड. जाडजूड तारा, चंद्र, हृदय, झाड, मासा हे आकार सोसतात. लहान आणि मोठे आकार एकाच ट्रेवर ठेवू नका. मोठे होईपर्यंत लहान करपतात.

लहान मुलं साचा नेमका लाटीच्या मधोमध रोवतात. कडेपासून सुरुवात करायची आणि आधीच्या आकाराला खेटून पुढचा ठेवायचा, हे करून दाखवावं लागतं. माझा मुलगा जीभ एका कोपऱ्यातून बाहेर काढतो, साच्यावर दोन्ही तळवे ठेवतो आणि टाचा उचलून सगळं वजन टाकतो. दाबणं छान होतं. पण मग साचा झाकण उघडावं तसा पिरगळतो आणि ताऱ्याची टोकं वाकडी होतात. सरळ खाली, सरळ वर, एवढंच शिकवा. साच्याची धार मध्ये मध्ये मैद्यात बुडवली की चिकटत नाही.

मुलांचे हात गरम असतात, त्यामुळे पीठ पाच-सात मिनिटांत सैल पडतं. चकाकायला लागलं, साच्याबरोबर उचलायला लागलं की वाद न घालता लाटी फ्रीजमध्ये आणि दुसरी बाहेर. दोन लाट्या करण्याचं कारण हेच. आकार उचलायला बोटं वापरू नका, खालून पातळ उलथनं सरकवा. नाहीतर आकार जागेवरच ठेवून भोवतालचं पीठ काढून घ्या आणि कागदासकट ट्रेवर सरकवा. दोन कुकीजमध्ये दोन-तीन सेंटीमीटर जागा हवी. भरलेला ट्रे भाजण्याआधी दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला तर कडा धारदार राहतात. कारण साधं आहे. बटर वितळायच्या आधी कुकीची कड बसायला हवी.

उरलेले तुकडे एकदा गोळा करून परत लाटा. दुसऱ्यांदा लाटलेल्या कुकीज जरा आक्रसतात, पण चालतात. तिसऱ्यांदा नको. राहिलेलं चिमूटभर पीठ धाकट्याला साप आणि गोळे करायला द्या, तेही भाजा. खाण्यासारखे होतातच असं नाही.

भाजणं

इथे मुलांना काम नाही, बघणं आहे. पाच मिलिमीटर जाडीला ९ ते ११ मिनिटं लागतात, पण आठव्या मिनिटापासून नजर ठेवा. कड जेमतेम सोनेरी झाली, मधला भाग फिकट आहे आणि वरची ओली चमक गेली, की बाहेर. बोट लावलं तर मऊच लागेल. घाबरून परत आत ढकलू नका, गरम ट्रेवर ती आणखी शिजते आणि गार होताना कडक होते. पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग जाळीवर. छोट्या ओव्हनमध्ये मागची बाजू सहसा जास्त तापते, म्हणून अर्ध्या वेळात ट्रे फिरवा. काळा ट्रे बूड लवकर करपवतो. पुढचा घाणा गरम ट्रेवर लावू नका, आत जायच्या आधीच आकार ढेपाळतात.

ओव्हनच्या काचेतून बघायला मुलांना फार आवडतं. लांबून बघू द्या. दाराची काच बाहेरूनही तापते.

रंगवणं

कुकी पूर्ण गार झाली पाहिजे. कोमट कुकीवर आयसिंग वितळून ओघळतं आणि नंतर ते कधीच नीट वाळत नाही. मधला तासभर मुलांना बाहेर खेळायला पिटाळा किंवा जेवायला घाला. भुकेल्या पोटी रंगवायला बसलेली मुलं रंगवत नाहीत, चरतात.

कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचं रॉयल आयसिंग मी मुलांसाठी करत नाही. २०० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून घ्या आणि त्यात दोन मोठे चमचे पाणी किंवा लिंबाचा रस घाला. मग पुढचं पाणी थेंबाथेंबाने. अर्धा चमचा पाणी जास्त झालं तरी सगळं ओघळतं. चमच्यातून धार सोडून बघा. वर उमटलेली रेघ दहा-पंधरा सेकंदांत विरून सपाट झाली तर पसरवायला योग्य. लगेच विरली तर साखर घाला, विरलीच नाही तर पाणी. लिंबाच्या रसाने गोडी थोडी कापली जाते, माझं मत त्याच बाजूला.

रंग जेलचे घ्या, पातळ रंगाने आयसिंग पातळ होतं. टूथपिकच्या टोकावर येईल एवढा पुरे. गडद लाल, काळा असे रंग ठेवल्यावर आणखी गडद होतात, तेव्हा हवा त्यापेक्षा फिका असतानाच थांबा. तीनच रंग करा. सात वाट्या मांडल्या तर अर्ध्या तासात साती वाट्यांत एकच मातकट रंग असतो. वाट्यांवर ओलं फडकं झाकून ठेवा, आयसिंगवर पटकन साय धरते.

लहानांना आयसिंगची पिशवी देऊ नका. ती वरून सुटते आणि कोपरापर्यंत ओघळ येतात. त्यांना चमच्याची पाठ किंवा स्वच्छ नवा ब्रश द्या. पिशवी दहा वर्षांच्यांसाठी, टोक अगदी बारीक कापून. रंगीत दाणे टाकायचे असतील तर एक कुकी रंगवली की लगेच त्याच कुकीवर टाकायचे. पाच रंगवून मग दाणे टाकले तर पहिल्या तीनवरून ते घरंगळून जातात. प्रत्येक मुलासमोर उभ्या कडांचं ताट ठेवा, खाली सांडलेले दाणे परत वापरता येतात. धाकटा अर्धी वाटी दाणे एकाच कुकीवर ओततो. ती त्याची कुकी. भेट द्यायच्या असतील तर त्या मोठ्यांनी वेगळ्या रंगवाव्यात, पण मुलांनी केलेल्या मागून गुपचूप दुरुस्त करू नका. मुलं ओळखतात.

चार वर्षांखालच्या मुलांच्या कुकीवर कडक गोल मणी किंवा अख्खे सुके मेवे नकोत, घशात अडकतात. आणि दुसऱ्यांची मुलं येणार असतील तर अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, सुका मेवा यांची कुणाला अ‍ॅलर्जी आहे का, हे आदल्या दिवशीच त्यांच्या आईवडिलांना विचारा. मूल दारात उभं असताना नाही.

रंगवलेल्या कुकीज जाळीवर रात्रभर उघड्याच वाळू द्या. वरून कोरड्या वाटल्या तरी आतून ओल्या असतात, लगेच डब्यात भरल्या तर एकमेकींना चिकटतात. मग हवाबंद डब्यात, थरामध्ये बटर पेपर घालून ठेवा, आठवडाभर चांगल्या राहतात. फ्रीजमध्ये ठेवू नका, ओल धरतात आणि रंग फुटतो. आणि उत्साह पहिल्या ट्रेतच संपला, मुलं पळाली, तर उरलेले कापलेले आकार ताटावर कडक गोठवून पिशवीत भरा. फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतात. काढले की तसेच गोठलेले ओव्हनमध्ये घाला, मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतील.