नोकरीवर परतल्यानंतर बाळाचे अंगावरचे दूध चालू ठेवताना

बाळंतपणाची रजा संपत आली की घरात हिशेब सुरू होतो. कार्यालयाची वेळ साडेनऊ ते सहा, म्हणजे बाळ साडेआठ तास आईवाचून राहणार, आणि तेवढ्या वेळाची सोय केली की झाले, असे सगळे धरून चालतात. मीही तसेच धरले होते. प्रत्यक्षात घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्याहून निघून, ठाणे स्थानकात वाशीकडे जाणारी गाडी पकडून आणि घणसोलीला उतरून महापेपर्यंत रिक्षाने जाण्यात सव्वा तास जात असे. परतताना कापूरबावडीच्या कोंडीत आणखी पाव तास वाढे. सकाळी सव्वाआठला बाळ सासूबाईंच्या हातात दिले की ते पुन्हा माझ्या मांडीवर येईपर्यंत साडेसात वाजत. म्हणजे साडेआठ नव्हे, सव्वाअकरा तास. पुढचे सगळे नियोजन या दारापासून दारापर्यंतच्या तासांवर करावे, कार्यालयाच्या वेळेवर नव्हे.

याचे कारण दूध तयार होण्याच्या रीतीत आहे. स्तन जितके नियमित रिकामे होतात तितके दूध पुन्हा तयार होते, आणि ते बराच वेळ भरलेले राहिले की शरीर आपणहून निर्मिती कमी करू लागते. त्यामुळे ज्या वेळी बाळ जवळ असते तर प्यायले असते, साधारण त्या वेळी दूध काढणे आवश्यक ठरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी हे अंतर बहुधा तीन तासांचे असते. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू आवडत असतील तर जरूर खावेत, कारण दूध पाजणाऱ्या बाईला भूक लागतेच. पण दिवसभर दूध न काढता केवळ लाडवांच्या भरवशावर राहिल्यास दूध टिकत नाही.

किती दूध लागेल हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. एक ते सहा महिन्यांचे, केवळ आईच्या दुधावर असलेले बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध पिते. त्यावरून आई दूर असलेल्या प्रत्येक तासासाठी ३० ते ४५ मिलिलिटर असा अंदाज धरता येतो. अकरा तासांसाठी हे ३३० ते ५०० मिलिलिटर होते. एवढे दूध एका दिवशी जमले की दुसऱ्या दिवसाची सोय झाली. फ्रीझर काठोकाठ भरून ठेवण्याची गरज नाही. एक-दोन दिवसांचा साठा पुरतो, आणि त्यासाठी रुजू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे रोज सकाळच्या पाजण्यानंतर एकदा दूध काढण्यास सुरुवात करावी. पहिल्या दिवसांत जेमतेम ३० मिलिलिटर निघते. ते पाहून खचण्याचे कारण नाही, कारण बाळ नुकतेच पिऊन झालेले असते.

रजेचाही विचार येथेच करावा. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या बाईने ते सगळे आधी वापरले ती बाळ चार महिन्यांचे असताना परतते, तेव्हा बाळाला दुधाशिवाय दुसरे काहीही द्यायचे नसते. प्रकृतीने साथ दिल्यामुळे जी शेवटपर्यंत कामावर गेली, ती परतते तेव्हा वरच्या अन्नाची वेळ जवळ आलेली असते. रुजू होण्यासाठी शक्यतो गुरुवार निवडावा. दोन दिवसांत सुट्टी येते आणि जे चुकले ते सुधारता येते.

दूध हाताने काढता येणे ही प्रत्येकीने शिकावी अशी गोष्ट आहे, पंप असला तरीही. हात स्वच्छ धुऊन अंगठा वर आणि बोटे खाली अशी स्तनाग्राच्या मुळापासून सुमारे तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवावीत, आधी छातीकडे मागे दाबावे, मग अंगठा व बोटे एकमेकांकडे दाबून सैल सोडावीत, आणि याच लयीत दाबत-सोडत राहावे. बोटे कातडीवरून घासू नयेत आणि स्तनाग्र ओढू नये. पहिला मिनिटभर थेंबही येत नाही. मग पान्हा फुटतो आणि बारीक धारा लागतात. गरम पाण्यात पिळलेला रुमाल, हलका मसाज, मोबाइलवरचा बाळाचा व्हिडिओ, यांपैकी काही ना काही उपयोगी पडते. रोजच्या कामासाठी दोन्ही बाजूंचे दूध एकदम काढणारा विजेचा पंप सोयीचा असतो, कारण एरवी अर्ध्या तासाचे काम पंधरा-वीस मिनिटांत होते. मात्र त्याची स्तनावर बसणारी चकती आपल्या मापाची असावी. दूध काढताना दुखत असेल तर बहुधा माप किंवा ओढ चुकलेली असते. दुखणे सोसत राहू नये.

कार्यालयात काय मागायचे हे आधी माहीत असावे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीव्यतिरिक्त दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी देण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते, आणि तेथे आईला दिवसातून चार वेळा जाता आले पाहिजे. बाळ जवळच्या पाळणाघरात नसणाऱ्या बाईने या दोन सुट्ट्या आणि जेवणाची सुट्टी जोडली की दूध काढण्यासाठी नेमक्या तीन वेळा मिळतात: अकरा, दोन आणि पाच. रुजू होण्याच्या पंधरा दिवस आधी व्यवस्थापनाला लेखी कळवावे आणि त्यात तीनच गोष्टी मागाव्यात: आतून कडी लागणारी खोली, विजेचा एक सॉकेट आणि जवळ हात धुण्याची जागा. माझ्या कार्यालयाने सुरुवातीला मला स्वच्छतागृह सुचवले होते. ज्या जागी आपण जेवणाचा डबा उघडणार नाही तेथे बाळाचे अन्न काढायला सांगू नये, एवढेच मी उत्तर दिले, आणि कागदाचे गठ्ठे ठेवण्याची खोली मिळाली. हिरकणीच्या नावाचे कक्ष एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत आता दिसतात. खाजगी कार्यालयांत मात्र अजून मागावेच लागते.

साठवणीच्या बाबतीत ठाण्याच्या हवेचा विचार करावाच लागतो. काढलेले दूध बाहेर चार तास राहते, असे सर्रास सांगितले जाते. पण ती मुदत २५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात तर राहोच, ऑक्टोबरच्या दुपारीही खोलीत एवढा गारवा नसतो. म्हणून दूध काढल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावे. तेथे ते चार दिवस आणि चांगल्या फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम राहते. प्रवासासाठी गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या घातलेली जाड अस्तराची थैली वापरावी. तिच्यात दूध २४ तासांपर्यंत टिकते. कार्यालयातल्या सामायिक फ्रिजमध्ये बाटल्या उघड्या न ठेवता स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवाव्यात आणि डब्यावर नाव-तारीख चिकटवावी. माझ्या दुधाचा चहा होता होता वाचला, त्यानंतर मी हे शिकले. प्रत्येक बाटलीत ६० ते ९० मिलिलिटरच भरावे, कारण बाळाने तोंड लावलेले दूध दोन तासांनंतर टाकावे लागते आणि ते टाकताना फार जिवावर येते. ताजे कोमट दूध आधीच्या गार दुधात थेट ओतू नये. गार करून मग मिसळावे.

घरी दूध देणाऱ्या व्यक्तीला या गोष्टी आधी करून दाखवाव्यात. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून दूध कोमट करावे. गॅसवर उकळू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. वर साय धरल्यासारखा थर दिसला तर दूध नासले असे नव्हे. बाटली हलकेच फिरवली की तो मिसळतो. गोठवलेले दूध फ्रिजमध्ये वितळले की २४ तासांत वापरावे आणि पुन्हा गोठवू नये. सासूबाईंनी माळ्यावरून जुने चांदीचे बोंडले काढले होते, पण त्याची चोच आतून घासता येईना, म्हणून आम्ही वाटी-चमच्यावर आलो. बाळाला जवळजवळ बसते धरून वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची आणि बाळाने स्वतः जिभेने दूध ओढून घ्यायचे. तोंडात ओतायचे नाही. पहिले तीन दिवस निम्मे दूध लाळेऱ्यावर गेले. या सरावाच्या वेळी आईने खोलीत थांबू नये, कारण तिचा वास आला की बाळ वाटीकडे पाहतही नाही.

काही बाळे दिवसा जेमतेम पितात आणि आई परतल्यावर रात्रभर अंगाशी राहून भरपाई करतात. बाळाचे वजन वाढत असेल आणि ते पुरेशी शू करत असेल, तर ही त्याने स्वतः लावून घेतलेली सोय समजावी. रात्रीचे पाजणे दूध टिकवण्यास मदतही करते, कारण दूध निर्माण करणाऱ्या संप्रेरकाची पातळी रात्री अधिक असते. शुक्रवारपर्यंत काढलेले दूध थोडे कमी होत जाते आणि शनिवार-रविवार बाळ थेट अंगावर प्यायले की सोमवारी पुन्हा वाढते, असा माझा तरी अनुभव आहे.

पावसाळ्यासाठी वेगळी तयारी हवी. एका जुलैत रुळांवर पाणी आल्यामुळे आमची गाडी ऐरोलीच्या पुढे दोन तास उभी राहिली. छाती दगडासारखी झाली आणि कुर्ता भिजू लागला. महिलांच्या डब्यातल्या दोघींनी ओढण्या धरून आडोसा केला, तिसरीने पाण्याची बाटली दिली, आणि मी हाताने दूध काढून रुमालात टिपत राहिले. दूध वाया गेले, पण गाठ झाली नाही. तेव्हापासून थैलीत एक रिकामी बाटली, सुती पॅड आणि गडद रंगाची ओढणी कायम असे. स्तनात लाल, गरम, दुखरी जागा आणि सोबत ताप असल्यास डॉक्टरांकडे त्वरित जावे. त्या काळात पाजणे सहसा बंद करावे लागत नाही, उलट एकाएकी थांबवल्यास त्रास वाढतो. कोणतेही औषध घेताना आपण बाळाला पाजत आहोत हे डॉक्टरांना सांगावे.

बाळ नऊ-दहा महिन्यांचे होऊन वरणभात नीट खाऊ लागले की काढण्याच्या वेळा कमी करता येतात, पण एका वेळी एकच आणि मध्ये आठवडाभर जाऊ देऊन. माझी आधी अकराची वेळ सुटली, मग पाचची. दुपारी दोनची मी बाळ चौदा महिन्यांचे झाल्यावर बंद केली. सकाळी निघण्यापूर्वीचे आणि रात्रीचे अंगावर पिणे त्यानंतरही चालू राहिले.