घरातल्या नेव्हीवाल्या आज्जाची खरी माहिती कशी गोळा करायची

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात गल्लीगल्लीत माजी सैनिक, आणि मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच असल्यामुळं 'आज्जा मिलिटरीत होता' म्हटलं की समोरचा मराठा सेंटर धरूनच चालतो. त्यात नेव्हीवाला आज्जा हरवतो बघा. नातवंडांना एवढंच ठाऊक की ते बोटीवर होते, कुठल्यातरी लढाईत होते आणि ट्रंकेत दोन मेडल आहेत. मग कोणतरी मराठा सेंटरला जाऊन विचारतं, तिथं काय मिळणार, नेव्हीचं रेकॉर्ड तिथं नसतंच की ओ.

म्हणून सुरुवात गोष्टींपासून करू नका, नंबरापासून करा. सर्व्हिस नंबर मिळाला की निम्मं काम झालं. डिस्चार्ज सर्टिफिकेटवर असतो, जुन्या पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या हुकमाच्या कागदावर) असतो, आणि कागद सगळे वाळवीनं खाल्ले असले तरी मेडलची कड भिंगातून बघा, चांदणीच्या आकाराचं मेडल, म्हणजे स्टार असेल तर पाठीमागं बघा, नंबर आणि नाव बारीक कोरलेलं असतं. फक्त मेडल चिंचेनं किंवा भांड्याच्या पावडरीनं घासू नका, ती अक्षरंच झिजतात. पेन्शन आता स्पर्श या सैन्याच्या पेन्शनच्या ऑनलाईन पोर्टलवर गेलीय, तिथला पीपीओ नंबर वेगळा, त्याला सर्व्हिस नंबर समजू नका.

दुसरं काम, अर्ज. खलाशी म्हणून भरती झालेल्यांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पातल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडं असतं (ऑफिसरचं तिथं नाही, ते दिल्लीला नौदल मुख्यालयाकडं विचारायचं). नंबर, पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, तुमचं नातं दाखवणारा कागद आणि आज्जा वारले असतील तर मृत्यूचा दाखला, एवढं जोडून साधं पत्र लिहा. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारता येतं, पण पहिल्यापासून भांडणाच्या सुरात लिहू नका, पत्र वाचणारा पण माणूसच असतो.

या अर्जात आपल्याकडच्या लोकांची एक खास अडचण येते. आज्जा भरती झाले तेव्हा गाव कुठल्या राज्यात होतं? १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात, नंतर म्हैसूर राज्यात, १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं, आणि बेलगामचं बेळगावी २०१४ ला. चंदगडवाल्यांचं तर उलटं, १९५६ पर्यंत तालुका बेळगाव जिल्ह्यात होता आणि मग कोल्हापूरला गेला, म्हणजे जुन्या कागदावर जिल्हा बेलगाम आणि आताच्या आधारवर कोल्हापूर. त्यात रेशनकार्ड कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, नेव्हीचा कागद इंग्रजीत, आडनाव तीन तऱ्हेनं. अर्जात सगळी रूपं आणि तेव्हाचा पत्ता लिहून टाका. अडलं तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण ऑफिसात जा, अशी प्रकरणं त्यांच्याकडं येत असतात.

आता फोटो. टोपीच्या पट्टीवर किंवा फोटोमागं एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, म्हणजे इंग्रज राजाच्या नावाचं) असेल तर तो काळ २६ जानेवारी १९५० च्या आधीचा, आयएनएस (इंडियन नेव्हल शिप) असेल तर नंतरचा. आणि आयएनएस लिहिलंय म्हणजे बोटच असं नाही हं. लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी किंवा जामनगरचं वालसुरा ही जमिनीवरची ट्रेनिंगची ठिकाणं आहेत, तिथल्या फोटोवरून लढाईची गोष्ट रचू नका.

घरातल्या गोष्टी तारखांना लावून बघायच्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'आज्जा ६५ च्या लढाईत विक्रांतवर होता' असं कोण सांगत असेल तर थांबा, विक्रांत ही आपली विमानवाहू बोट तेव्हा दुरुस्तीला होती. ७१ ला ती बंगालच्या उपसागरात होती, म्हणजे त्या माणसाकडं 'पूर्वी स्टार' हे पूर्वेकडच्या लढाईचं मेडल असायला पाहिजे. 'पश्चिमी स्टार' असेल तर अरबी समुद्राची बाजू, ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात, वीर या मिसाईल बोटींनी कराचीवर हल्ला केला ती बाजू, आणि ९ डिसेंबरला आपली खुकरी ही लढाऊ बोट बुडाली ती पण तिकडंच. १९६१ च्या गोवा मोहिमेत फौज आपल्या बेळगावातनंच गेली होती, पण नेव्हीवाला असेल तर कारवारजवळच्या अंजदीव बेटाचं विचारा, तिथं सात नौसैनिक शहीद झाले.

दुसऱ्या महायुद्धातले असतील तर वेगळं. समुद्रात वारलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर फुकट शोधता येतात, मुंबईत इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे, तसलंच चितगावला पण आहे. आणि पेन्शनचा एकही कागद नसेल तर फेब्रुवारी १९४६ आठवा. मुंबईत तलवार या नेव्हीच्या जमिनीवरच्या ट्रेनिंगच्या ठिकाणापासून नाविकांचा इंग्रजांविरुद्ध उठाव सुरू झाला, त्यानंतर बऱ्याच जणांना काढून टाकलं. अशा घरात ही गोष्ट लाजेनं दडवलेली असते, तेव्हा जपून विचारा.

आज्जा हयात असतील तर मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बसा. लढाईचं विचारलं तर 'काय न्हाई गा, ड्युटी होती' म्हणून विषय संपतो. त्यापेक्षा मेसमध्ये भात कसला मिळायचा, उलट्या किती झाल्या, पहिला पगार किती आणि मनिऑर्डर गावात कधी पोचायची ते विचारा, मग बोटीचं नाव, कॅप्टन, बंदर सगळं आपोआप येतं. आज्जीला वेगळं बसवून विचारा. मनिऑर्डर येईपर्यंत उसाची उधारी, म्हस, सासू आणि पोरांची फी कुणी सांभाळली ते आज्जा सांगत नाहीत, कारण ते तिथं नव्हतेच.

कागद लॅमिनेट करू नका, नंतर सुटत नाही. सहाशे डीपीआयला स्कॅन करा, फोटोमागं पेन्सिलीनं नावं लिहा. जमलं तर सगळ्यांना घेऊन कारवारला जा, तिथं बीचवर आयएनएस चपळ म्युझियम म्हणून ठेवलीय, ७१ च्या मिसाईल बोटींपैकीच, म्हाताऱ्या माणसाला तिच्यात चढवलं की बोलायला लागतात. आणि स्कॅनच्या कॉपी चुलत्यांकडं, आत्यांकडं पण द्या, कारण बहुतेक घरांत डिस्चार्जचा कागद एका भावाकडं, मेडल दुसऱ्याकडं आणि दोघांचं बांधावरून बोलणं बंद, तेव्हा मागायला जाताना आधी आपल्याकडचं काहीतरी घेऊन जावं.